सतरा नंबरचं पाणी

छकुलीच्या तोंडात काहीतरी आहे, हे रखमाला आधी ऐकू आलं आणि मग दिसलं. हिरडीवर टणक काही घासल्याचा करकर आवाज, आणि ओठांच्या कोपऱ्यातून ओघळलेली करडी लाळ. हातातला पिळा बादलीत टाकून ती मोरीतून धावली, मुलीला मांडीवर उताणं घेतलं आणि तर्जनी आत घालून गालाच्या कडेनं फिरवली. दहा महिन्यांत हे बोट इतकं तयार झालं होतं, की बटण, चिंचोका, भिंतीचा पोपडा, सगळं त्याला न बघता ओळखता यायचं. हे मात्र ओळखता आलं नाही. बाहेर आलं ते करंगळीएवढं पोलाद होतं, चौकोनी, एका टोकाला हातोडीनं ठोकून ठोकून फुललेलं. दुसऱ्या टोकाला छोटा त्रिकोण, आणि त्रिकोणात आरशात दिसावेत तसे उलटे आकडे. एक आणि सात. छकुलीनं हक्काची वस्तू गेल्यासारखं भोकाड पसरलं. रखमा ओल्या फरशीवर तशीच बसून राहिली. तपासून पास केलेल्या भागावर ठोकायचा सतरा नंबरचा शिक्का घरात होता. पाच वर्षांत तो एकदाही कंपनीच्या फाटकाबाहेर आला नव्हता.

नवऱ्याची, सुदामची, कालची पँट भिजत घालायला तिनं खाली टाकली होती, तिच्या खिशातून रुमालाची सुटलेली गाठ लोंबत होती. म्हणजे तिथून. सुदाम सकाळी सातलाच इस्त्रीचे कपडे घालून पुण्याला गेला होता. सरकारी तपासणीच्या ऑफिसात काम आहे, संध्याकाळी येतो, एवढंच बोलून. मुंबईतल्या स्फोटांना तीन आठवडेही झाले नव्हते, स्टेशनावर पिशव्या उघडून बघत होते, खिसे चाचपत होते. म्हणून त्यानं तो मागे ठेवला असेल. की विसरला? सुदाम विसरणारा माणूस नव्हे. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात तिनं एकदा विचारलं होतं, तो तुमचा शिक्का दाखवाल का मला. तेव्हा तो हसला होता. अगं, तो काय घरी आणायची वस्तू आहे. रोज संध्याकाळी खिडकीत द्यायचा, रजिस्टरवर वेळ टाकायची, सकाळी सही करून घ्यायचा. इन्स्पेक्टर मेला तर त्याचा शिक्का मोडतात, त्याचा नंबर दुसऱ्याला देत नाहीत. ज्या वस्तूवर सतरा उमटला तिच्याबद्दल मी जिवंत असेपर्यंत जबाबदार. तिला तेव्हा त्या लोखंडाचा थोडा मत्सर वाटला होता. आपल्याबद्दल हा माणूस इतकं स्वच्छ वाक्य कधी बोलेल, असं वाटलं होतं.

आणि तोच शिक्का रुमालात गुंडाळून त्यानं चोरासारखा घरी आणला, तिला एका शब्दानं सांगितलं नाही. तिनं छकुलीचं तोंड पदरानं पुसलं, बोट पुन्हा आत घालून हिरड्या चाचपल्या. कुठं चिरलं नव्हतं. तिला राग आला. आधी सुदामचा, मग स्वतःचा, आणि मग फिरून फिरून जिथं रविवारपासून अडकला होता तिथंच येऊन थांबला. सुदामच्या कंपनीचे संचालक आण्णा, त्यांच्या हॉलमध्ये. त्या एका शब्दावर.

तो शब्द तिच्या ओळखीचा होता. उल्हासनगरला कॉलेजात फी भरायच्या दिवशी काचेमागचा क्लार्क मान वर न करता ओरडायचा, कन्सेशनवाले पलीकडच्या खिडकीला. पलीकडची खिडकी जिन्याखाली होती. तिथं रांगेत उभं राहिलं की वरून उतरणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही कोण ते न विचारता समजायचं. तीन वर्षं ती त्या रांगेत उभी राहिली आणि तीन वर्षं फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला वर्गात पहिली आली. तरी कॅम्प पाचची एक मैत्रीण, डबा वाटून खाणारी, सहज म्हणून गेली होती, तुझं बरंय गं, तुला तर नापास झालं तरी चालतं. रखमानं त्या दिवशी डबा पुरा खाल्ला. मैत्रिणीचाही खाल्ला. घरी येऊन उलटी झाली, तेव्हा आईला वाटलं ऊन लागलं.

सुदाम त्या खिडकीवरून तिच्या कितीतरी आधी गेलेला. त्याचे वडील रामभाऊ अंबरनाथच्या एका सरकारी कारखान्यात मजूर होते. यंत्राखाली पडलेला लोखंडाचा कीस गोळा करून गाडीत भरायचा, एवढंच त्यांचं आयुष्यभराचं काम. सतराव्या वर्षी सुदाम त्याच कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागला. ज्या यंत्राखाली बाप वाकायचा त्याच यंत्रावर मुलगा उभा राहिला. बाप कीस भरायला आला की मुलगा यंत्र बंद करायचा, आणि त्यावरून फोरमनच्या शिव्या खायचा. दिवसा काम, संध्याकाळी डिप्लोमा. मग खात्याची परीक्षा, आणि चार्जमन, म्हणजे कामगारांवर देखरेख करणारा. मग ती दोन भागांची इंजिनियरिंगची परीक्षा, पहिला भाग कॅम्प पाचच्या खोलीत, शेजारी पापड लाटणाऱ्या सिंधी बायकांचा कलकलाट चालू असताना. हे सगळं तो सांगायचा तेव्हा त्यात तक्रार नसायची. कुठल्या साली कुठलं यंत्र आलं, कोणी काय शिकवलं, असंच सांगायचा. तक्रार रखमाच करायची, मनातल्या मनात, त्याच्या वाट्याची.

आण्णा तेव्हा त्या कारखान्याचे मुख्य. सगळे त्यांना आण्णाच म्हणायचे, साहेब म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही, आणि ते आवडत नाही हे सगळ्यांना ठाऊक असावं असं मात्र त्यांना आवडायचं. अठ्ठ्याऐंशीच्या जूनमध्ये ते निवृत्त झाले आणि जुलैत अंबरनाथच्याच औद्योगिक वसाहतीतल्या या कंपनीत संचालक म्हणून आले. हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांचे भाग बनवायचे, जुने दुरुस्त करायचे, असं कंपनीचं काम. कंपनीला पहिली मोठी ऑर्डर गेली ती आण्णांच्याच सहीनं, निवृत्तीच्या आधी चार महिने. ज्या खुर्चीतून ऑर्डर गेली तिच्यातून उठून ते ऑर्डर घेणाऱ्या खुर्चीत जाऊन बसले. मध्ये परीक्षा नाही, मुलाखत नाही, जिन्याखालची रांग नाही. याला कुणी कन्सेशन म्हटलं नाही. याला अनुभव म्हणतात.

येताना त्यांनी सुदामला बरोबर आणलं. माझा माणूस, म्हणून ओळख करून द्यायचे. लग्नाला आले, वधूवरांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि जेवताना फक्त पापड आणि आइस्क्रीम घेतलं. रखमानं तेव्हाच पाहिलं होतं. सुदाम म्हणाला, त्यांना साखरेचं पथ्य आहे. साखरेचं पथ्य असलेला माणूस आइस्क्रीम खातो का, हे तिनं विचारलं नाही, नवी नवरी होती.

आणि तरी, मागच्या महिन्यात बढतीची कुणकुण लागली तेव्हा तिला आनंद झाला होता. डेप्युटी जनरल मॅनेजर. चाळीशीच्या आत. घरी टेलिफोन येणार होता. छकुलीला ताप आला की बेलवलीच्या टोकाला डॉक्टरांच्या दारापर्यंत तिला खांद्यावर घेऊन धावावं लागणार नव्हतं. फोन कुठं ठेवायचा तेही तिनं ठरवलं होतं, मुलीचा हात पोचणार नाही असा, आण्णांच्या घड्याळाखालच्या फळीवर. हे आता आठवलं आणि तिला आपल्याच कानाखाली वाजवावीशी वाटली.

रविवारी आण्णांच्या बंगल्यावर चहाला बोलावलं होतं. दोन-तीन मॅनेजर, त्यांच्या बायका, समोसे. बेचाळीस लिंकांचा विषय तिथं निघाला. लिंक म्हणजे तळहाताएवढी पोलादी कडी, हेलिकॉप्टरच्या शेपटीकडचा पंखा फिरवणाऱ्या जोडणीत बसते. त्या बेचाळीस कड्यांची भोकं मापापेक्षा मोठी झाली होती. सुदामनं लाल रंगाचा पट्टा मारून त्या बाजूला ठेवल्या होत्या. माप चुकलेला भाग चालवून घ्यायचा तर त्यालाही रीत असते, सरकारी अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, त्यानं तपासून लेखी परवानगी द्यायची. त्या परवानगीला त्यांच्या धंद्यात कन्सेशन म्हणतात. अर्ज केला असता तर परवानगी आलीच नसती, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. माल पोचवायची मुदत, मार्चअखेर, मात्र तीन दिवसांवर होती. आण्णांनी सुदामच्या खांद्यावर हात ठेवला, समोशाचा घास संपवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"सुदाम, तुझं अख्खं आयुष्य कन्सेशनवर गेलं की रे. बिचाऱ्या बेचाळीस कड्यांना एकदा दिलंस तर काय बिघडतंय?"

सगळे हसले. बायकासुद्धा हसल्या, त्यांना लिंक म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण दुसरं जे होतं ते बरोबर ठाऊक होतं. आणि सुदाम हसला. ते रखमाला सगळ्यात लागलं. हातातली बशी त्यानं टेबलावर ठेवली, अगदी काठ काठाला जुळवून, जणू तीही मोजून ठेवायची होती, आणि हसला.

परतताना रिक्षात तिनं विचारलं होतं, किती मोठी झालीत ती भोकं. तो म्हणाला, अठरा मायक्रॉन. अठरा मायक्रॉन म्हणजे केवढं? तिच्या खांद्यावर झोपलेल्या छकुलीच्या टाळूवरचा एक केस त्यानं दोन बोटांत धरला. नीट, ओढला न जाईल असा. याचा तिसरा हिस्सा, तो म्हणाला. आणि रखमा, फिजिक्सला पहिली येणारी रखमा, बोलून गेली,

"एवढंच?"

त्यानं केस सोडला. रिक्षा वालधुनीच्या पुलावरून खडखडत गेली. त्यानंतर तीन दिवस तो घरात मोजकंच बोलत होता. रखमाला वाटत होतं तो अपमान गिळतोय. आज शिक्का हातात घेऊन बसल्यावर तिला उमगलं, आण्णांचा शब्द त्यानं आयुष्यभर ऐकलेला होता, तो त्याला पचला असता. पचला नाही तो तिचा.

दोन वाजता दारात जीप थांबली. कंपनीचा ड्रायव्हर धोंडिबा. वांगणीच्या वरच्या अंगाला त्याचं गाव, चपला बाहेर काढून उंबऱ्याशीच उभा राहिला. पाणी प्यायला, छकुलीकडे बघून हसला, आणि मग दुसरीकडेच बघत बोलायला लागला.

"वैनी, सायब घरात न्हाय ना? मला म्हायती हाय, न्हाय. आण्णांनी सांगितलंय, पाच वाजता मी सोता येतो. सतरा नंबर गावत न्हाय. लाल पट्टे काल रातीच पुसून टाकलं रॉकेलनं. डबे उघडे ठेवलेत, नुसता ठोका मारायचा बाकी हाय."

मग दुसरा शिक्का का नाही मारत, असं रखमानं विचारलं. धोंडिबा म्हणाला, बाकीच्या दोन इन्स्पेक्टरांनी सोमवारपासून रजा टाकलीय, आपापला शिक्का खिडकीत मोहोरबंद करून. आणि आण्णांना सतराच पायजे. उद्या वर काय झालं तर म्हणायला बरं. कोणाला म्हणायला बरं ते त्यानं सांगितलं नाही, पण सांगण्याची गरजही नव्हती. आणखी एक कागद टाइप करून तयार होता, सुदामनं शिक्का चोरल्याचा. सही तेवढी बाकी होती. शिक्का मिळाला तर कागद फाडणार, नाही मिळाला तर पोलिसात जाणार. हे धोंडिबानं गाडीत, आरशातून आण्णांचं तोंड बघत ऐकलं होतं. "मी काय सांगितलं न्हाय बरं का वैनी," म्हणून तो गेला.

रखमानं दार लावून घेतलं. घड्याळात सव्वादोन. सुदाम सातच्या आत येत नाही. पुण्यात तो कड्यांबद्दल तक्रारीचा कागद देईल, ते घेतील, न घेतील, उद्या माणूस पाठवतील. आणि आण्णा आजच पाच वाजता शिक्का मागायला येणार. द्यायचा नाही, तर नवरा चोर. द्यायचा, तर बेचाळीस कड्यांवर सतरा उमटणार, आणि कधीतरी, कुठल्यातरी डोंगरावर, कोणाचीतरी मुलं घेऊन ते यंत्र फिरत खाली येणार, मग चौकशीत नाव निघणार सुदामचं. तेव्हा वर्तमानपत्रात काय लिहितील तेही तिला आत्ताच वाचता येत होतं. आणि जिन्यावरून उतरणारे लोक म्हणतील, बघा, म्हणून म्हणतो कन्सेशनवाल्यांना असल्या जागा देऊ नयेत. सगळे दरवाजे असे बरोबर मापात बसवलेले, अठरा मायक्रॉनचीसुद्धा फट नाही. इतक्या वर्षांची उलटी पुन्हा घशाशी आली होती, आणि या वेळी तिला ती करायची नव्हती.

तिला सासऱ्यांची आठवण झाली. रामभाऊ सुटीच्या दिवशी कॅम्प पाचच्या बोळात कोयत्यांना पाणी द्यायचे, लाकूडतोडीला जाणारी डोंगरातली माणसं आणून द्यायची. तापवून लाल करायचं आणि एकदम विझवायचं, की पोलाद कडक होतं. आणि बिघडलेल्या कोयत्याचं पाणी आधी उतरवायचं. तापवून लाल करायचं, आणि कोमट राखेत पुरून ठेवायचं, विसरून जायचं. सुदाम हे सांगताना हातानं दाखवायचा. पाणी उतरलं की पोलाद दिसतं तसंच, फक्त आत मेणासारखं होतं. तिच्या पुस्तकात याला वेगळं नाव होतं, आलेख होता, तिनं तो परीक्षेत काढलाही होता.

पंपाचा जुना स्टोव्ह माळ्यावरून काढला. छकुलीला तिनं पलंगाच्या पायाशी ओढणीनं बांधलं, लांब, आणि पुढ्यात वाट्या टाकल्या. सांडशीत शिक्का धरला. स्टोव्हची निळी जीभ त्रिकोणावर भरली तेव्हा त्याच्यावरची छकुलीची लाळ चुर्रर्र झाली. आधी पिवळसर, मग जांभळा, मग बराच वेळ काहीच नाही. पंप मारून मारून तिचा खांदा भरून आला. मुलीकडे एक डोळा, ज्वाळेकडे एक. घामानं पोलकं पाठीला चिकटलं. ही माझ्या नवऱ्याची वस्तू आहे, असं तिला वाटत होतं, याच्याबद्दल तो सोन्यासारखं वाक्य बोलला होता, आणि मी ती मारते आहे. इन्स्पेक्टर मेला की शिक्का मोडतात. इथं माणूस जगावा म्हणून मोडायचा होता. शेवटी टोक जास्वंदीसारखं लाल झालं. ते तसंच धरून ठेवलं, मनात तीनशेपर्यंत मोजलं, आणि भांडी घासायच्या राखेचा डबा तव्यावर गरम करून ठेवला होता त्यात खोल पुरलं. मग ती मुलीशेजारी येऊन बसली. वाट्या वाजवत राहिली. दीड तास.

साडेचारला तिनं तो बाहेर काढला, चिंच आणि राख लावून घासला. काळसर झाला होता, पण तो तसाही काळाच असायचा. एक आणि सात जागच्या जागी होते. नखानं काही कळत नव्हतं. तिनं तो छकुलीच्या धुतलेल्या झबल्याच्या तुकड्यात गुंडाळला.

आण्णा पाचला दहा मिनिटं कमी असतानाच आले. पेढ्यांचा पुडा आणला होता. खुर्चीत बसले, भिंतीवरची तसबीर पाहिली, घड्याळ पाहिलं, अजून चालतंय म्हणाले. मुलीला हात पुढे केला, मुलगी गेली नाही. सुदाम कुठं ते विचारलं नाही, म्हणजे त्यांना ठाऊक असावं किंवा फरक पडत नसावा. मग आवाज खाली आणून, घरच्यासारखं बोलायला लागले.

"हे बघ रखमा, सुदाम भोळा आहे. चुकून खिशात राहून गेला असणार, मी तसंच सांभाळून घेईन. मी त्याला कुठून कुठं आणला, तुला माहीत आहे."

रखमा म्हणाली, "माहीत आहे आण्णा. मलाच पँट धुवायला काढताना सापडला. देते. फक्त पोच लिहून द्या."

"पोच?"

"खिडकीत देताना रजिस्टर असतं ना. इथं रजिस्टर नाही. शिक्का क्रमांक सतरा, चालू स्थितीत, परत मिळाला. तारीख आणि वेळ. तुमची सही."

आण्णा हसले. कौतुकानंच. नवऱ्यानं बायकोला बरं तयार केलंय, म्हणाले. खिशातून आपलं कार्ड काढलं, सोनेरी टोपणाचं पेन काढलं, आणि तिच्या मनातून तो जुना शब्द सरकून गेला, बघ, कन्सेशनच्या अर्जाचा कागद नको म्हणणारा माणूस तिच्या हातात कागद देत होता, कारण तिची भीती त्याला वाटत नव्हती. कन्सेशनवाल्या बाईची कसली भीती. त्यांनी लिहिलं. एकतीस मार्च त्र्याण्णव, सायंकाळी पाच. वेळेखाली रेघ मारा, असं ती म्हणाली, त्यांनी तीही मारली. मग शिक्का उघडून टोक उजेडात धरलं, आकडे वाचले, आणि कोटाच्या आतल्या खिशात टाकला. एकतीस वर्षं इंजिनियर असलेल्या माणसानं वाचले ते फक्त आकडे.

दारात चपला घालताना ते थांबले. "तुमची माणसं शिकतात, पुढं येतात, मला आनंदच आहे. फक्त जरा अडवणूक करू नये."

"जपून ठोका, आण्णा," रखमा म्हणाली. "कन्सेशनवरचा आहे."

ते पुन्हा हसले. जीप वळली तेव्हा धोंडिबानं आरशातून एकदा मागे पाहिलं.

कार्ड तिनं घड्याळामागे ठेवलं, मग काढून तांदळाच्या डब्यात ठेवलं, मग तिथूनही काढून पोलक्यात. अंबरनाथपर्यंत अर्धा तास. पहिल्या कडीवर पहिला ठोका पडेल. कडीचं पोलाद कडक आहे, सुदामनं स्वतः मोजून घेतलेलं. त्रिकोणाचे काठ आत मुडपतील, एक सातावर झोपेल, आणि कडीवर काही म्हणजे काही उमटणार नाही. दुसऱ्या ठोक्याला तर गोळाच होईल. नवा शिक्का बनवायचा म्हणजे नवा नंबर, नवी नोंद, आणि उद्या पुण्याहून माणूस आला तर त्याला बेचाळीस कोऱ्या कड्या आणि एक मेलेला शिक्का दिसेल, आणि पाच वाजता तो कुणाच्या खिशात चालू स्थितीत गेला ते कार्डावर दिसेल. बढती गेली. नोकरीही जाईल बहुतेक. टेलिफोनची फळी रिकामीच राहील. संध्याकाळी सुदाम आल्यावर त्याला हे कसं सांगायचं, ते तिला ठाऊक नव्हतं. त्याआधी दुसरं सांगायचं होतं. रिक्षातल्या त्या एका शब्दाबद्दल.

छकुलीनं पेढ्यांच्या पुड्याचा दोरा तोंडात घातला होता. रखमानं सवयीनं मांडीवर घेतलं, तर्जनी आत घातली, दोरा ओढून काढला. आणि मुलीनं बोट चावलं. खालच्या हिरडीत, अगदी मधोमध, काहीतरी टोचलं. तिनं पुन्हा हळूच फिरवून पाहिलं. दात दिसत नव्हता अजून, केसाएवढी धारच काय ती वर आली होती. एवढीशीच. पण बोटाला लागली.